सिंकवरची पारख

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले काका दमले होते. आजचे नाही, बावीस वर्षांचे दमले होते. बारा टेबलं, एका बॅचला बारा पोरं, आठवड्याला सहा बॅचेस, आणि प्रत्येक पोराला वाटायचं की हातावर ॲसिड सांडून घेणारे जगात आपण पहिलेच. काकांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. बोटांची सालं जाऊन जाऊन बोटं गुळगुळीत झाली होती. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि ते दीड वर्ष काही केल्या पुढे सरकत नव्हतं.

पोरांची नावं लक्षात ठेवण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला काचेच्या एखाद्या भांड्याचं नाव देऊन मोकळे व्हायचे. उंच, सरळ, थेंब थेंब बोलणारा तो ब्युरेट. तोंडाने मोठा तो बीकर. कितीही शिकवा, खालून सगळं निघून जातं तो फनेल. जरा आच लागली की तडकते ती टेस्ट ट्यूब. आता तुम्ही म्हणाल, माणसं काय अशी मापात बसतात? अहो, काकांची बसायची. निदान त्यांना तसं वाटायचं, आणि बावीस वर्षांत कुणी त्यांना खोटं पाडलं नव्हतं.

पण ही सगळी गंमत. काकांच्या लेखी खऱ्या जाती दोनच होत्या, धुणारे आणि टाकून जाणारे. प्रयोग संपला की आपापली भांडी धुवून फळीवर पालथी घालायची हा नियम. प्रत्येक भांड्यावर लाल रंगात टेबलाचा नंबर, त्यामुळे कोणाचं काय ते लपायचं नाही. जो टाकून जायचा तो काकांच्या मनातून कायमचा उतरायचा.

विभागप्रमुख मॅडमना हे ठाऊक होतं. दरवर्षी शेवटच्या वर्षातल्या एकाच विद्यार्थ्याला त्या आतल्या खोलीत, स्वतःच्या संशोधनाच्या कामावर घ्यायच्या. ती जागा ज्याला मिळाली त्याचं पुढचं शिक्षण मार्गी लागलं म्हणून समजा. गुणांत वरचे दोघं-तिघं सारखेच निघायचे. मग मॅडम काकांना बोलवायच्या आणि म्हणायच्या, "गुण पाहून झाले, काका. आता सिंकवरून सांगा."

काका दोन शब्द सांगायचे. "धुतो." किंवा "टाकून जाते." फार तर "वरवर धुतो." मॅडम पेन्सिलीने नावापुढे तेच लिहायच्या. झाला निकाल. बाहेर पोरांना या चौकशीचा पत्ताही नसायचा.

यंदा घोळ असा होता की वरच्या दोघांत एक काकांची लेक होती.

तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाबा, लॅबमध्ये तुम्ही काका आणि मी सात नंबर. ओळख दाखवायची नाही." काकांनी मान डोलावली होती. सगळ्यांना माहीत होतंच, अशी गोष्ट लपते होय? पण शब्द दिला तो त्यांनी पाळला. तीन वर्षं लेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करत होती, आईची पोळपाट-लाटण्याची खटखट ऐकत. ही जागा मिळाली तर पुढे शिकणार, नाही मिळाली तर मिळेल ती नोकरी धरणार, हे घरात ठरून गेलं होतं. त्यावर कोणी बोलत नसे, पण घरातला प्रत्येक जण तेच धरून बसला होता.

दुसरा होता आठ नंबरवरचा. डोक्यावर चढवलेला काळा चष्मा, पायात महागडे बूट, यायचं स्वतःच्या गाडीने. त्याला काकांनी काचेचं नावसुद्धा दिलं नाही, नुसतं गॉगल म्हणायचे. बापाच्या जिवावर उड्या मारणारी अशी पोरं त्यांनी पोत्याने पाहिली होती.

सात आणि आठ या दोन टेबलांमध्ये सिंक एकच. तास संपायच्या वेळी काका बाटल्या कुलपात ठेवायला मागच्या खोलीत जायचे आणि परत येईपर्यंत लॅब रिकामी झालेली असायची. या दोन्ही टेबलांची भांडी रोज लख्ख. आणि दोन्हीकडची अगदी एकाच हाताने ठेवलेली, घडी केलेल्या फडक्यावर तिरकी टेकवून, म्हणजे कडेला पाण्याचा डाग राहत नाही. ही काकांच्या घरची रीत. त्यांनीच बायकोला शिकवली, बायकोने लेकीला. दुसऱ्या कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

म्हणजे लेक दोघांची भांडी धुते! काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. माझी पोर या नवाबाची भांडी घासते? पण ओळख दाखवायची नाही म्हटल्यावर करणार काय? मूग गिळून बसले.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी बोलावलं.

"आठ नंबरचा?"

"टाकून जातो," काका म्हणाले, आणि राग इतका साठला होता की दोन शब्दांवर थांबले नाहीत. "वर दुसऱ्याकडून धुवून घेतो."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. त्यांनी लिहिलं. "आणि सात?"

"तिचं माझ्या तोंडून नको, मॅडम."

"बोला हो. बावीस वर्षांत एकदा तरी खोटं सांगितलंत का?"

"धुते," काका म्हणाले. "दोन टेबलांचं धुते."

मॅडम हसल्या. सोमवारी यादी लावते म्हणाल्या. काका जिन्यात आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना चक्क काही होत नव्हतं.

त्याच दुपारी त्या बॅचचा तास होता. तास संपता संपता काका बाटल्यांचा ट्रे घेऊन मागे गेले आणि कुलपाची किल्ली टेबलावर राहिली म्हणून परत फिरले. लॅबमध्ये एकटा गॉगल होता. बाह्या कोपरापर्यंत वर, पुढे साबणाचा फेस, आणि हातात लाल सात नंबरचं ब्युरेट.

"हे सातचं तू का धुतोयस?" काकांनी विचारलं.

पोरगा दचकला. "मीच धुतो ना काका. रोज."

"आणि ती?"

"बाहेर बसलीय. माझी आकडेमोड तपासते ती. मी गणितात दगड आहे." तो ओशाळून हसला. "आमचं ठरलंय तसं."

"भांडी अशी तिरकी ठेवायला कोणी शिकवलं?"

"तिनेच. म्हणाली, काकांना अशी लागतात."

काकांनी किल्ली उचलली. मागच्या खोलीत गेले आणि स्टुलावर बसून राहिले. टाकून जाणारी त्यांच्याच घरात होती. जगाला एका नजरेत ओळखणारा माणूस, आणि स्वतःच्या ताटाला ताट लावून जेवणारी पोर ओळखता आली नाही. लाज वाटली त्यांना, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

संध्याकाळी घरी आले तर लेक सिंकपाशी उभी राहून घरातली भांडी घासत होती.

"इथे बरे हात चालतात," काका दारातूनच कडाडले. "तिथे कोणत्या राजाची राणी होतेस? दुसऱ्याच्या लेकराकडून भांडी धुवून घ्यायला शिकवलं होतं तुला?"

आई खोलीतून धावत आली. लेकीने नळ बंद केला. ओले हात तसेच धरून उभी राहिली.

"पहिल्या आठवड्यात धुवायला उभी होते बाबा," ती म्हणाली. "मागून तीन नंबरची आली आणि तिचा बीकर माझ्यासमोर ठेवून गेली. 'एवढा पण घे गं' म्हणाली. मग दुसरीने ठेवला. चार भांडी जमली माझ्यापुढे. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. त्यांना वाटलं, ही धुवायलाच उभी आहे."

काकांना खाली बसायचं होतं, पण खुर्ची लांब होती.

"मी तिथे हात ओले केले की त्यांना मी दिसत नाही, तुम्ही दिसता," लेक म्हणाली. "मला तुमची लाज वाटत नाही हो. पण मला तिथे शिकायचंय. त्या दिवशी गॉगलने सगळं पाहिलं. माझ्यापुढची सगळी भांडी ओढून घेतली आणि धुवायला लागला. तेव्हापासून तोच धुतो."

"आणि मी आज सकाळी मॅडमना..." मग काकांनी सगळं सांगून टाकलं, पेन्सिलीसकट.

जागा लेकीच्या हातात आली होती, आणि आता कळत होतं की ती कशी आली होती.

"सोमवारी सांगणार तुम्ही?"

"सांगावं लागेल गं."

"मला ती जागा हवी आहे बाबा," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा लहानपणी व्हायचा तसा वेडावाकडा झाला. "फार हवी आहे." मग तिने नळ सोडला आणि उरलेली भांडी घासून टाकली. आई मध्ये पडायला गेली, तर तिने आईलाही बाजूला सारलं.

शनिवार, रविवार घरात कोणी धड जेवलं नाही.

सोमवारी काका मॅडमच्या खोलीत गेले तेव्हा यादी टेबलावरच होती.

"मी चुकलो मॅडम," काका म्हणाले. "आठ नंबरचा धुतो. दोन्ही टेबलांचं तोच धुतो. माझी मुलगी धूत नाही."

मॅडमनी चष्मा काढला. काकांकडे पाहिलं, पुन्हा घातला. शुक्रवारचे शब्द खोडरबराने पुसले आणि मुलाच्या नावापुढे बरोबरची खूण केली. इतकंच. एवढ्याशा खुणेला फार वेळ लागत नाही.

"बरं झालं वेळेवर बोललात. तुमच्या जागी दुसरा कोणी बोलला नसता," त्या म्हणाल्या. "पण ती का धूत नाही?"

"तिचा बाप धुतो म्हणून."

"अच्छा. लाडावलेली आहे तर." मॅडम समजूतदारपणे हसल्या आणि काकांच्या डोळ्यांदेखत लेकीच्या नावापुढे तो शब्द लिहिला.

काकांनी कागदावर हात ठेवला. बावीस वर्षांत त्यांनी त्या टेबलाला नुसता पुसण्यापुरता हात लावला होता.

"जागा त्याची होती, त्याला मिळाली. माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण हा शब्द खोडा. हे दोन शब्दांत सांगण्यासारखं नाही. मी उभ्या उभ्या सांगतो, तुम्ही ऐका."

मॅडमनी ऐकलं. बीकरपासून सगळं. मध्ये एकदा फोन वाजला, तो त्यांनी उचलला नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी तो शब्द पुसला, इतका घासून की कागद विरविरीत झाला.

"पुढल्या वर्षासाठी शिफारसपत्र मी देईन तिला," त्या हळूच म्हणाल्या. "वर्ष जाईल, पण देईन." मग त्यांचा चेहरा कडक झाला. "मला एक सांगा. तो पहिला बीकर कोणी ठेवला? तुमच्या मुलीने नाव सांगितलंच असेल." पेन्सिल हातात तयार होती.

नाव काकांच्या जिभेवर होतं. तीन नंबरची, तोंडाने मोठी, त्यांनी पहिल्याच दिवशी बीकर म्हटलं होतं तिला.

"नाही सांगणार मॅडम," काका म्हणाले. "तिच्याही नावापुढे तुम्ही काहीतरी लिहाल."