बनाबाईची संमती

पुण्याहून लांबच्या एका गावात, मंगळवार पेठेतल्या छापखान्यात बनाबाई अकरा वर्षं छापील कागदांच्या घड्या घालत होती. अकरा वर्षांत तिच्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती. १९५४ सालच्या माघात मात्र तिला कामावरून काढलं, ते एका अंगठ्यापायी.

झालं असं, की तिच्या शेजारी काम करणाऱ्या कालिंदीची दोन बोटं कागद कापायच्या मशिनीत गेली. पात्यापुढची लोखंडी जाळी जागेवर नव्हती. तिसऱ्या दिवशी मॅनेजर नृसिंहराव एक कागद घेऊन आले आणि म्हणाले, "सगळ्यांनी अंगठे उठवा." बायकांनी मुकाट्यानं उठवले. बनाबाईनं आधी तो कागद भूपालकडून वाचून घेतला. भूपाल तिथंच छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचा, आणि कामगारांच्या युनियनचा सेक्रेटरीही होता. जाळी बसवलेली होती, कालिंदीच गप्पांत दंग होती, असं कागदावर लिहिलेलं.

"ह्यावर माझा अंगठा मिळायचा न्हाय," बनाबाई म्हणाली. "जाळी नव्हती. ह्या डोळ्यांनी बघितलंय मी."

दुसऱ्या दिवशी तिला फाटकातच अडवलं. हुकूम मोडला, वरिष्ठांना उद्धट बोलली, असा ठपका.

युनियननं तक्रार केली. सरकारदरबारी कागद फिरत राहिले आणि श्रावण संपता संपता तंटा न्यायाधीशांपुढं आला. गावातले दत्तोपंत वकील तिच्या बाजूनं फुकट उभं राहायला तयार झाले. तेवढ्यात छापखान्याचा शिपाई तिच्या घरी एक कागद घेऊन आला.

"नुसती रीत असती बनाबाई. अंगठा द्या, मी चाललो."

"अंगठ्यापायीच घरात बसलोय न्हवं मी?" तिनं कागद ठेवून घेतला आणि तडक दत्तोपंतांकडं गेली.

दत्तोपंतांनी वाचलं आणि चष्मा काढला. "मालकांनी पुण्याचा मोठा वकील केलाय. पण ह्या कामगार कोर्टात समोरच्याची संमती असल्याशिवाय वकिलाला बोलता येत नाही. ती संमती तुमच्याकडून मागतायत."

"मग तुम्हास्नी?"

"मलाही त्यांची लागेल."

"तर त्यांनी द्यावी, मी देतो."

दत्तोपंतांनी तसं पत्र पाठवलं. उत्तर नृसिंहरावांनी भूपालला तोंडीच दिलं. "घड्या घालणारीला वकील कशाला हवा? आणि ती अंगठा देईल बघ. तिला कोर्टात तोंड उघडता येणार आहे का?"

भूपालनं जसंच्या तसं येऊन सांगितलं. बनाबाईनं तो संमतीचा कागद चारदा घडी घालून चुलीत सारला.

सुनावणीच्या दिवशी पुण्याचे वकील काळा कोट घालून पुढच्या खुर्चीवर बसले होते. दत्तोपंत मागं, बघ्यांच्या बाकावर. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, कंपनीच्या वकिलांना तुमची संमती आहे?"

"न्हाय."

"नीट विचार करा."

"केलाय की साहेब. आमचा वकील मागं बसलाय, त्यांचाबी मागं बसू दे."

खोलीत कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. "कायद्यानं बाईंना तो हक्क आहे," ते म्हणाले. पुण्याचे वकील उठले आणि दत्तोपंतांच्या शेजारी जाऊन बसले. भूपाल हलक्या आवाजात म्हणाला, "युनियनतर्फे मला बोलता येतंय. मी इचारू?"

"जाळी नव्हती हे तू बघितलं न्हाईस, भूपाल. मी बघितलंय."

नृसिंहरावांनी साक्ष दिली. बाई उद्धट, हुकूम मोडणारी, कागदात सगळं खरंच लिहिलेलं. मग बनाबाई उठली. तिनं टेबलाची कड धरली.

"मॅनेजरसाहेब, जाळी जाग्यावर हुती म्हणता. मग बोटं गेली कशी?"

"ती बोलत होती. लक्ष नव्हतं."

"लक्ष नसलं म्हणून लोखंडातनं बोटं जात्यात व्हय?"

नृसिंहरावांनी मागच्या बाकाकडं पाहिलं. पुण्याच्या वकिलांना बोलता येत नव्हतं.

"जाळी सैल झाली असेल."

"सैल झाल्याली जाळी कुठं हाय आता?"

"लोहाराकडं. दुरुस्तीला."

"कवा धाडली?"

"दिवाळीच्या आधीच धाड..." नृसिंहराव थांबले. कालिंदीची बोटं माघात गेली होती. न्यायाधीशांची लेखणी चालू होती.

तेवढ्यात पुण्याचे वकील उभे राहिले. "संमतीपुरतंच बोलतो, साहेब. कंपनी दोन्ही बाजूंच्या वकिलांना संमती द्यायला तयार आहे."

दत्तोपंतांनी बनाबाईला मान हलवून खुणावलं. घे, असा त्याचा अर्थ. एका क्षणापुरतं तिलाही वाटलं, बसावं आता. पण सहा महिने तिनं ज्याची वाट पाहिली, ते खरं आत्ता कुठं नृसिंहरावांच्या तोंडून निघू लागलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "माझं इचारून झालं न्हाय अजून."

"विचारा," न्यायाधीश म्हणाले.

तिनं विचारलं. जाळीशिवाय मशीन कुणाच्या हुकुमानं चालली, खोटा कागद कुणी लिहिला, बाकीच्या बायकांना तो वाचून का दाखवला नाही. नृसिंहराव आधी चिडले, मग घामाघूम झाले, शेवटी "आठवत नाही" एवढंच म्हणू लागले.

दसऱ्यानंतर निकाल लागला. बनाबाईला कामावर परत घ्यावं. कालिंदीची भरपाई वेगळी मागावी लागणार होती, पण ह्या साक्षीची नक्कल तिच्या अर्जाला जोडता आली.

दत्तोपंत पेढे घेऊन घरी आले. "माझ्यापेक्षा तुम्हीच बऱ्या वकील निघालात."

बनाबाईनं पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. "माझं निभलं. जाळी नव्हती हे डोळ्यांनी बघितलेलं हुतं म्हणून. पर कालिंदीला कोर्टात रडू फुटतंय, तिचं तोंड कोण हुणार? मालक न्हाय म्हणाला की आमचा वकील मागच्या बाकावर, ह्यो कसला कायदा? त्यो बदलायचा तर अर्ज कुनाकडं करायचा?"

"मुंबईला. सरकारकडं."

"मग लिवा," ती म्हणाली आणि पाट सरकवून त्यांच्यापुढं बसली. "मी सांगतो."