अंजिराच्या काड्या

सासूबाईंनी ओल्या टॉवेलची गुंडाळी ओट्यावर ठेवली, गाठ सोडली आणि आतल्या काड्या एकेक करून मांडल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, राखाडी, एकही पान नसलेल्या. कापलेल्या टोकांवर पांढरा चीक सुकून बसला होता.

"घर विकलं," त्या म्हणाल्या. "नव्या मालकाला परसात गाडी लावायची आहे. अंजिराचं झाड जाणार. म्हटलं, तुझ्याकडे एखादी तरी जगेल."

ती अजून स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. घटस्फोटाला चार वर्षं होऊन गेली होती. नवरा माजी झाला हे कागदावर लिहिलेलं होतं. सासूचं काय झालं, ते कुणी कुठे लिहिलं नव्हतं. त्यामुळे दार उघडल्यावर हाक काय मारायची हेच तिला सुचलं नाही. "या," एवढंच ती म्हणाली होती.

"नव्या घरी नाही का लावता येणार?"

"लावीन ना. आधी रुजू तर दे. तिथल्या गॅलरीत ऊन येतं ते पाहुण्यासारखं, आलं आणि गेलं. तुझ्या या खिडकीत बघ, कसं घरच्यासारखं बसलंय."

मग हाक-बिक बाजूला राहिली. दही संपल्यावर धुऊन ठेवलेले प्लास्टिकचे पेले तिने कपाटातून काढले, सुईचं टोक गॅसवर तापवून तळाला आणि बाजूला भोकं पाडली. सासूबाईंनी चाकू पुसून घेतला.

"डोळ्याच्या खाली काप घ्यायचा, तिरका. मुळं तिथून फुटतात. तुझ्या धंद्यातलाच शब्द आहे हा, डोळा."

ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून संध्याकाळी घरी यायची, तेव्हा तिला स्वतःला काही वाचावंसं वाटत नसे. पण त्या दुपारी ताज्या कापावर चीक डवरून आला आणि त्याचा हिरवट, कडवट वास नाकात गेला, तशी ती मनाने त्या परसातल्या पायरीवर जाऊन बसली.

त्या पायरीवर दोघी दुपारच्या बसायच्या. नवीन लग्न झालेली ती आणि ओच्यात अंजिरं घेऊन आलेल्या सासूबाई. देठाच्या चिकाने बोटं चुरचुरायची. जी अंजिरं पिकून उकलली असतील ती तिथल्या तिथे संपवायची आणि उरलेली, जरा कच्चट, ताटलीत घालून घरातल्या पुरुषांसमोर ठेवायची. "पिकलेली कुठे गेली?" असं विचारलं की सासूबाई न हसता सांगायच्या, "पाखरं मेली काही ठेवत नाहीत." पदराला तोंड पुसत त्या आत वळायच्या आणि तिला मात्र पुढची पाच मिनिटं नवऱ्याकडे बघता यायचं नाही. त्या घरातलं बरंच काही तिने मनातून पुसून टाकलं होतं. ती पायरी राहून गेली होती.

वाळू आणि माती कालवून पेले भरले, काड्या खोचल्या, वरून पातळ पिशव्या घातल्या.

"मी येईन रविवारी," निघताना सासूबाई म्हणाल्या. "हात लावू नकोस. पाणीही बेतानं. जास्त लाडानं कुजतात."

त्या आल्या. पुढच्या रविवारी आल्या, त्याच्या पुढच्याही. बस बदलून यायच्या, गुडघा धरून जिना चढायच्या आणि आल्या आल्या खिडकीशी जायच्या.

"घरी काय सांगून येता?" तिने एकदा विचारलं.

"डोळे दाखवायला जाते म्हणून सांगते."

"दर रविवारी?"

"परवा तुझा... आमचा तो विचारत होता, आई, तुझे डोळे आहेत की जुनी गाडी, सारखी दुरुस्ती? म्हटलं, वयाचं आहे बाबा, चालायचंच."

ती हसली, आणि आपण या बाईसमोर हसतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

काड्या मात्र एकेक करून जात होत्या. एकीला बुरशी धरली. दुसरीची साल बोटाखाली भिजल्या कागदासारखी निघून आली. एकीला मात्र ऐन गारठ्यात पान फुटलं, बाळाच्या तळव्याएवढं. तिला इतका आनंद झाला, की रविवारची वाट बघणं जड गेलं. सासूबाईंनी पिशवी वर करून ते पान पाहिलं आणि मान हलवली.

"मूळ नाही अजून. काडीत साठवलेलं आहे त्यावर उड्या मारतेय ती. आधी पान, मग मूळ, असं कधीकधी होतं. मग टिकत नाही."

पुढच्या आठवड्यात ते पान काळं पडून गळलं. तिने तो पेला मोरीत उपडा केला. इतक्या दिवसांत एकही मूळ फुटलं नव्हतं. ती पाठमोरी उभी राहून माती धूत राहिली, बराच वेळ, धुण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

"त्या दिवशी तुम्ही बाहेर का नाही आलात?" तिने नळाकडे बघतच विचारलं.

कुठला दिवस, असं सासूबाईंनी विचारलं नाही. तिची बॅग दारात होती, टॅक्सी बाहेर थांबली होती, आणि त्यांच्या खोलीचं दार बंद होतं तो दिवस. ती त्या दाराबाहेर थांबली होती. मग गेली होती.

"तुझी पावलं ऐकू येत होती," सासूबाई म्हणाल्या. "आले असते तर तुला जाऊ नको म्हटलं असतं. आणि राहा म्हणायला तोंड कुठलं होतं? पोटच्या पोराचे गुण मला का माहीत नव्हते?" त्यांनी ओट्यावर सांडलेली माती तळहाताने गोळा केली. "म्हणून आतून कडी लावली. माझा माझ्यावरच भरवसा नव्हता."

तिने नळ बंद केला.  सासूबाई जिना उतरायला लागल्या तेव्हा ती मागोमाग बस थांब्यापर्यंत गेली, आणि बस येईस्तोवर दोघी एकाच बाकावर बसून राहिल्या.

आता एकच काडी उरली होती. सगळ्यांत बारकी, किंचित वाकडी, पान नाही की काही नाही. ना मेलेली, ना जगलेली.

एका सकाळी कामावर निघताना पेल्याच्या बाजूच्या भोकातून तिला काहीतरी पांढरं दिसलं. ती वाकली. दोऱ्याएवढं मूळ होतं, टोकाशी ओलसर, नुकतंच बाहेर डोकावलेलं. दुकानात जायला उशीर होत होता, तरी ती गुडघ्यांवर बसून बघत राहिली. रुजलं म्हणजे आता कुंडीत जाणार. कुंडी त्या गॅलरीत. मग रविवारी कोण कशाला जिना चढेल?

तिने पेला अलगद फिरवला आणि भोक भिंतीकडे केलं.

रविवारी सासूबाई नेहमीसारख्या खिडकीशी गेल्या. ती चहाचं आधण ठेवत होती, पण लक्ष तिकडेच होतं. त्यांनी पिशवी काढली, चिमटीत काडी धरली आणि हलकेच वर ओढली. रुजली नसेल तर काडी सैल येते. ही आली नाही. त्यांची चिमूट तिथेच थांबली. त्यांनी पुन्हा, आणखी हळू, ओढून पाहिलं.

ती साखरेचा डबा हातात घेऊन उभी राहिली.

सासूबाईंनी काडीभोवतीची माती अंगठ्याने दाबून नीट बसवली. पिशवी परत घातली.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "बारकी आहे ना. हिला वेळ लागणार."

"हो का?" ती म्हणाली. "मलाही तसंच वाटलं."