घासलेला तळ

गल्लीत त्याला सगळे कप्तान म्हणत. युद्धात त्याचं विमान पडलं, दोन वर्षं शत्रूच्या छावणीत कैदेत गेली, आणि येताना त्यानं आणलं काय, तर पोचे आलेला एक पत्र्याचा पेला. तो आता काचेच्या कपाटात होता. आल्यागेल्याला सून कौतुकानं सांगायची, "बाबांनी स्वतः डब्याचा पत्रा ठोकून केलाय." कप्तान तेव्हा हटकून चष्मा पुसायला घ्यायचा.

आज पेला प्रदर्शनात जाणार होता. न्यायला आली होती त्याच विमानातल्या रेडिओवाल्याची मुलगी. रेडिओवाला जाऊन वर्ष झालं होतं.

"काका, ज्याच्याकडे पेला नाही त्याला सूप नाही, असा नियम होता ना छावणीत? अण्णांचा हरवला तेव्हा तुम्ही रोज तुमच्यातलं अर्धं दिलंत. शेवटपर्यंत सांगायचे."

सुनेचे डोळे भरून आले. कप्तानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हरवला होता तो ह्याचा पेला. रेडिओवाला तापानं आजारखोलीत पडलेला. तो काही आता उठत नाही असं धरून ह्यानं त्याचा पेला उचलला आणि तळावरची खूण दगडानं घासून टाकली. चार दिवसांनी तो गडी रिकाम्या हातांनी रांगेत हजर. खरं सांगायला ह्याची जीभ रेटेना. वर अर्धं सूप देऊन हाच उपकारकर्ता झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. पुढं पेला परत करवला नाही, की फेकवलाही नाही.

मुलीनं कार्ड पुढं केलं. 'वस्तू कोणाची', एवढंच त्यानं लिहायचं होतं. त्यानं पेन खाली ठेवलं.

"पोरी, हा तुझ्या वडिलांचा. मी चोरला होता."

मुलीनं पेला उलटा करून तळावरून बोट फिरवलं.

"माहीत आहे, काका. अण्णांनी पहिल्याच दिवशी ओळखला. ठोकला त्यांनीच होता ना."

"मग मागितला का नाही त्यानं?"

"म्हणायचे, मागितला असता तर कप्तान उपाशी राहिला असता."

कप्तानची मान खाली गेली. आपलं अर्धं कप्तान रोज आधी प्यायचा, गरम असताना.