पडद्याच्या पलीकडून

उमरखेडला बाबारावांच्या घरी बाजेवर बसून उकंडाला पाव तास झाला होता. तेवढ्यात त्याची मांडी आठ वेळा बदलून झाली होती. बाजेचं सुंभ सैल होतं. मधोमध बसलं की माणूस खड्ड्यात जायचा आणि कडेला बसलं की लाकूड रुतायचं. शेजारी त्याची माय कांताबाई मात्र फोटो काढायला बसल्यासारखी ताठ होती.

दोघं ढाणकीहून मुलगी बघायला आले होते. पण मुलगी अजून आतच होती आणि बघणं चाललं होतं ते उकंडाचं. त्याच्या दोन सोयरिकी आधीच मोडल्या होत्या, दोन्ही सिनेमापायी. पहिल्या घरी त्यानं मुलीच्या बापाला त्याच्या आवडत्या सिनेमातले अठरा दोष सांगितले, न विचारता. दुसऱ्या घरी नट धाब्याच्या छतावरून घोड्यावर कशी उडी घेतो ते करून दाखवलं. घोडा नव्हता, बकरी होती. बकरी वाचली, सोयरीक नाही वाचली. आता हे तिसरं ठिकाण गेलं तर त्याला वणीला मामाकडे, कोळशाच्या खाणीत धाडायचं, असं कांताबाईनं वाटेत एसटीतच सांगून टाकलं होतं. खाणीत अंधार सिनेमासारखाच असतो, पण पडदा नसतो, या विचारानं उकंडा उमरखेड येईपर्यंत अस्वस्थ होता.

बाबाराव शाळेत चपराशी होते. बावीस वर्षं घंटा देऊन त्यांना प्रत्येक गोष्ट तासातासानं करायची सवय लागली होती. शिक्षण किती हा पहिला तास झाला, सातवी पास. काम काय हा दुसरा झाला, बाजारात कापसाच्या गाड्यांचं वजन. दारू, विडी, पत्ते यांचे तास कांताबाईनंच भराभर आटोपले. मग बाबारावांनी सहज, मधल्या सुट्टीत बोलावं तसं विचारलं की तंबूतला सिनेमा ढाणकीलाही आला होता का.

कांताबाईनं उकंडाकडे पाहिलं. उकंडानं छताकडे पाहिलं. आला होता, एवढंच तो म्हणाला, आणि बाकीचं गिळायला त्याला फार जड गेलं.

पण बाबारावांनाच राहवेना. पहिल्या दिवशीचा मारामारीचा सिनेमा त्यांना पटला नव्हता. चाळीस डाकू, आणि नटाला मारायला एकेक जण येतो, बाकीचे रेशनच्या दुकानात उभे असल्यासारखे नंबर लावून थांबतात. उकंडानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तरी त्याच्या तोंडून निघालंच की त्यातला एक डाकू दोनदा मरतो, एकदा दाढीसकट आणि एकदा दाढीशिवाय. बाबाराव बसल्या जागेवरून पुढे सरकले. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मग जादूचा सिनेमा निघाला. राजपुत्र उडत्या बाजेवर बसून सात डोंगर ओलांडतो, पण त्याचा केसांचा भांग हलत नाही. राक्षस मात्र कष्टाळू आहे, दगड स्वतः उचलतो, नोकर ठेवत नाही. बाबाराव मान डोलावत होते. उकंडाला वाटलं, आपण जन्मलो ते याच घरात बसण्यासाठी.

"अन् राजपुत्रात एकच गोष्ट चांगली," तो म्हणाला. "डावखोरा हाय. डाव्या हातानं तलवार चालवते."

"उजव्या," बाबाराव म्हणाले.

"डाव्या, मामा. म्या तीन खेप पाह्यला."

"म्या एकच खेप पाह्यला, पण डोये उघडे ठेवून पाह्यला. उजव्या."

उकंडा उठला, भिंतीला लावलेली छत्री घेतली आणि डाव्या हातानं दोन वार करून दाखवले. बाबाराव बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर, घंटा द्यायची वेळ झाल्यावर येत असावं तसं काहीतरी आलं.

त्या तंबूची रीत सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. पडदा मधोमध टांगायचा. अलीकडे पुरुष, पलीकडे बाया. पातळ पडद्यातून चित्र दोन्हीकडे दिसे, फक्त पलीकडे आरशातल्यासारखं उलटं. अलीकडचा उजवा हात तो पलीकडचा डावा. नावंही उलटी दिसत, पण ती वाचायची घाई कोणाला नव्हती.

"तू बायाइकडं बसलता का?" बाबारावांनी विचारलं. आवाज हळू होता, म्हणून जास्त वाईट वाटला.

उकंडा छत्री घेऊन तसाच उभा राहिला. खरं उत्तर त्याच्या शेजारीच बाजेवर ताठ बसलं होतं. पाच वर्षांपूर्वी बुद्धधर्माची दीक्षा घेतल्यापासून कांताबाईनं वस्तीतल्या दारांवरची लिंबं-मिरच्या स्वतः तोडल्या होत्या. पोरांच्या गळ्यातले गंडेदोरे कात्रीनं कापले होते. भूत नाही, राक्षस नाही, हे ती घरोघर सांगत फिरे आणि भ्यालेल्या बाया रात्री तिलाच सोबतीला नेत. सिनेमाला मात्र तिनं पोराला शेजारी बसवून घेतलं, हिंदी समजावून सांगायला म्हणून. राक्षस आला की तिला हिंदीची फारच अडचण होई. तिन्ही वेळा ती त्याच्या मनगटाला धरून बसली होती.

हे सांगितलं तर सोयरीक वाचत होती. कांताबाई समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि तिच्या कपाळावर घाम आला होता. उकंडानं पाय बदलला. पुन्हा बदलला.

"मले राक्षसाचं भेव वाटे," तो म्हणाला. "म्हणून मायजवळ बसलतो."

बावीस वर्षांचा पुरुष हे वाक्य एका मुलीच्या बापासमोर बोलला होता. वणीची खाण उकंडाला स्पष्ट दिसली. मामाचा कंदीलसुद्धा दिसला.

तेवढ्यात नलू चहा घेऊन आली. बाबारावांची धाकटी, बघायला आले होते ती हीच. पोरगी कप ठेवून परत जाईल असं सगळ्यांना वाटलं. ती गेली नाही.

"खोटं बोलून राह्यले ते," ती बापाला म्हणाली. "मी तवा ढाणकीले मावशीकडं गेलती. यायच्या मांगंच बसली होती. भेव यायच्या मायले वाटे."

बाबारावांनी कांताबाईकडे पाहिलं. कांताबाईनं पदर सावरला, कप उचलला, परत ठेवला. उकंडा काहीतरी बोलायला गेला तर तिनं हातानंच गप्प केलं.

"राक्षस नसते, हे मले पक्कं ठाऊक हाय," ती म्हणाली. "पण तो लय मोठा होता, भाऊ."

बाबारावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी सांगितलं की खुद्द त्यांनीही त्या वेळी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती, म्हणून राक्षसाचं तोंड कसं होतं हे त्यांना अजून नीट माहीत नाही. कांताबाईला ते माहीत होतं. तिनं ते सविस्तर सांगितलं, सुळ्यांसकट. बाबाराव ऐकता ऐकता दोनदा मागे सरकले. शेवटी ते उठले आणि लग्नासाठी शाळेला सुट्टी कोणत्या रविवारी जोडून येते ते हेडमास्तरांना विचारायला निघाले. मुहूर्त त्या घरात आता कोणी बघत नव्हतं. उंबऱ्यातून वळून, राजपुत्र उजव्याच हाताचा, एवढं त्यांनी सांगितलं आणि गेले.

उकंडा बाजेच्या कडेवर बसला. त्यानं नलूला आज पहिल्यांदा पाहिलं होतं. तिनं त्याला आधीच तीन तास पाहिलं होतं, तेही मागून, आणि याचं काय करावं हे त्याला कळेना. आभार मानावेत म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"तुमच्या डोक्यापायी मले अर्धा सिनेमा दिसला नाही," नलू रिकामे कप उचलत म्हणाली.

"कोन्ता अर्धा?"

"खालचा."

उकंडानं विचार केला. म्हणजे हिला तलवारी दिसल्या होत्या, सुळे दिसले होते, पण राजपुत्र लढताना घोड्यावर होता हेच हिला माहीत नव्हतं. बाज उडते हेही माहीत नसणार. राजपुत्र सात डोंगरांवरून आपला तसाच, हवेत मांडी घालून गेला, असंच हिला वाटत असणार. इतके दिवस ही मुलगी हे मनात घेऊन कशी राहिली.

"बसा," तो म्हणाला. "सुरवातीपासून सांगतो."

नलूनं मायलेकांकडे एकेकदा पाहिलं आणि कप हातात घेऊन चौकटीला टेकून उभी राहिली. कांताबाईनं या वेळी त्याला अडवलं नाही. राक्षसापाशी आला की आधी सांग, एवढंच ती म्हणाली.