दाढीआडचा व्रण

शेवंतीच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. डिचोलीच्या कोर्टात तिला विचारत होते, "हाच का तो?" आता काय सांगायचं, कपाळ!

लाटंबार्सेच्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याला, सखारामला, खनिजाच्या ट्रकने उडवलं. ड्रायव्हर खाली उतरला, वाकून बघितलं आणि पळाला. त्याच्या हनुवटीवरचा आडवा व्रण एकट्या शेवंतीने पाहिला होता. आणि समोर उभ्या आरोपीला, जामिनावर सुटलेल्या महादेवला, ही एवढी दाढी!

"साहेब, खालचा तोंड झाकलेला आसा. मी कसा सांगू?"

सरकारी वकील कडाडले, "व्रण लपवायलाच वाढवलीय. काढायला लावा!" आरोपीचा वकील म्हणाला, महादेवच्या बायकोला सातवा महिना आहे; पोटुशीच्या नवऱ्याने वस्तरा लावला तर पोटातल्या जिवाला बाधतं. न्यायाधीश म्हणाले, कोर्टात तोंड लपवायचा हक्क कुणालाच नाही. पण हुकूम देताना तेही अडखळले. "बाई, तुमचं काय म्हणणं?"

घ्या! एवढं शिकले आणि घोंगडं टाकलं विधवेच्या गळ्यात. दोन्ही पोरांच्या वेळी सखारामनेही दाढी राखली होती. त्या बाईने आपलं काय घोडं मारलंय?

"तिका बाळंत होऊ दे," ती म्हणाली, आणि घरी येऊन तिने स्वतःलाच शिव्या घातल्या. महादेव आता कसली दाढी काढतोय!

पुढच्या तारखेला ती कोर्टाच्या बाकावर बसली होती. कुणीतरी बाकावरच्या सगळ्यांना पेढे वाटत आलं. "झील झालो," म्हणाला. मुलगा झाल्याचा पेढा कोण नाकारतं? तिने सवयीने घेतला आणि वर पाहिलं. गुळगुळीत हनुवटी, आडवा व्रण. महादेवच! मागून त्याचा वकील दात-ओठ खात आला, "दाढी कुणाला विचारून काढलीस?"

"कोर्टात सांगलेलंय ना, बाळंत होयसरच म्हणान. आता झाली ती बाळंत," महादेव म्हणाला.

शेवंतीला काही म्हणजे काही कळेना. लपवणारा असा उघड्या तोंडाने येतो? आणि असा माणूस सखारामला तडफडत टाकून पळतो?

तिचं नाव पुकारलं. ती पिंजऱ्यात उभी राहिली.

"हाच का तो?"

"होय. ह्योच." तिला रडूच फुटलं. "पण साहेब, ह्याच्या झिलाचो पेढो माझ्या हातात आसा. ह्येचा आता मी काय करू?"