चुकीच्या गठ्ठ्यातली कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी कैफियत आहे. कोणी दावा लावला की त्याला कोर्टात जे लेखी उत्तर द्यायचे, ते म्हणजे मी. चार पाने, दोन टाचण्या आणि खाली एक सही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढले, आणि तिथे शहाणे किती कमी आहेत ते पाहून घेतले.

माझा जन्म एका वकिलाच्या कचेरीत झाला. जन्म कसला, उसनवारीच! हे वकीलसाहेब नवा कागद कधी लिहीतच नसत. मागच्या दाव्याचा मजकूर घ्यायचा, नावे बदलायची, की झाले काम. माझ्यावरची नावे त्यांनी बदलली. डोक्यावरचा दाव्याचा क्रमांक मात्र दोन भावांच्या भिंतीच्या भांडणाचा तसाच राहिला. एवढा मोठा काळा कोट, पण चार आकडे वाचण्याइतकी अक्कल त्यात मावली नव्हती.

मी ज्यांच्यासाठी झाले, त्या बाई एका भाड्याच्या खोलीत शिवणकामाचे दुकान चालवतात. घरमालकाचा दावा असा, की दुकान सहा महिने बंदच आहे, तेव्हा खोली परत मिळावी. 'दुकान रोज उघडे असते' हे माझ्या पोटातले मुख्य वाक्य. मुदतीच्या चार दिवस आधी मी कोर्टात पोचले. कारकुनाने माझ्यावर तारखेचा शिक्का हाणला आणि क्रमांक पाहून मला भिंतीच्या गठ्ठ्यात कोंबले. नावे वाचण्याची तोशीस त्याने आयुष्यात घेतली नव्हती.

तारखेला पुकारा झाला. वकीलसाहेब 'दुसऱ्या कोर्टात अडकले' होते, म्हणजे चहा पीत होते. न्यायाधीशांनी विचारले, "प्रतिवादीची कैफियत आली आहे का?"

"नाही, साहेब," कारकून म्हणाला.

अहो, मी तीन हातांवरच्या कपाटात होते! एकतर्फी निकाल लागला. महिन्याभरात खोली रिकामी करायची. मला फार वाईट वाटले, आणि त्याहून जास्त चीड आली.

पुढचे मला माझ्या प्रतीने सांगितले. ती कचेरीतच होती. बाई निकाल हातात घेऊन धावत आल्या. वकीलसाहेबांनी घाईघाईने निकाल रद्द करण्याचा अर्ज लिहिला, की बाई चार महिने अंथरुणाला खिळून होत्या, म्हणून उत्तर देता आले नाही.

"सही करा, मावशी. आजारपण म्हटलं की साहेबांना दया येते."

"मी अंथरुणात होते, तर दुकान कोणी उघडलं? घरमालकाला हेच तर हवंय! आणि मी सही केलेलं उत्तर गेलं कुठे?"

बाईंनी माझी प्रत ओढून घेतली. मापाच्या आकड्यांवर आयुष्य काढलेले ते बोट निकालावरून प्रतीवर गेले आणि थांबले. "हे दोन नंबर वेगळे का?"

वकीलसाहेबांनी टायपिस्टवर खापर फोडले. त्या कचेरीत टायपिस्ट नव्हताच.

बाईंनी खोटा अर्ज टराटरा फाडला आणि दुसऱ्या अर्जात चूक कोणाची ते सरळ लिहायला लावले. न्यायाधीशांनी मला भिंतीच्या गठ्ठ्यातून बाहेर काढवून घेतले. शिक्क्याची तारीख पाहिली.

"वकिलाच्या हलगर्जीपणाची शिक्षा या बाईंना का?" असे म्हणून त्यांनी निकाल रद्द केला. दावा आता नव्याने चालणार होता. वकीलसाहेबांनी मान खाली घातली, ती व्हरांड्यापर्यंतच.

"बघा मावशी, सोडवलं की नाही तुम्हाला?"

"वकीलसाहेब, मी बाही उलटी जोडली, तर गुपचूप उसवते. गिऱ्हाइकाकडे शाबासकी मागत नाही. माझे कागद द्या. मी दुसरा वकील बघते."

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. कोटवाला माणूस 'सही करा' म्हणाला, म्हणून सही करू नका. कागद आधी डोक्यापासून पायापर्यंत वाचा. चूक त्यांची असते, पण खोली तुमची जाते.