दोन अवतरणचिन्हं आणि देवकात्यांची भावकी

मित्रांनो, मी एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे. माझ्यामुळे सारजाबाई देवकात्यांचा रुसलेला नवरा सभेला आला आणि मागोमाग लासुर्ण्याची अख्खी भावकी जेवून गेली. असं काही घडलेलं नाही. संस्थेच्या इतिवृत्तात तरी नाही, तेव्हा मी आपली जन्मापासून सुरू करते.

शहाण्णव साली बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका दूध संस्थेत मेहजबीन नावाच्या ऑपरेटरनं मला लिहिलं. शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकदाच लिहून दिलेले हुकूम. सभासदांच्या नावांची फाइल ती मला भरवायची आणि जेवढी नावं मिळतील तेवढी वार्षिक सभेची आमंत्रणं मी छापायची. पण मोकळी जागा दिसली की मला वाटतं, नाव संपलं. म्हणून तिनं माझ्या पोटात नावाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं लावली होती. ती होती तोवर तीन शब्दांचा एकच माणूस व्हायचा. साहेब कौतुक करायचे, प्रिंटरचं.

त्या वर्षी सर्वांत जास्त दूध घातलं म्हणून सभेत सारजाबाईंचा सत्कार ठरला. गावात निरोप गेला, त्यात नवऱ्याचं नाव नव्हतं. आमंत्रणं छापायच्या दिवशी त्या कचेरीत आल्या.

"पोरी, ह्यांच्या नावाचं बी एक पत्र काढ. रुसून गोठ्यात बसल्यात. मला कुठं बोलावलंय म्हनत्यात."

"मावशी, एका मेंबरला एकच पत्र, असं साहेबांनी सांगितलंय. आन म्हस्कूतात्यांचं नाव हाय की त्यात, तुमच्या नावामागं."

"मागं हाय, हेच तर दुखणं हाय. मी एकलीच नारळ घ्यायला उठले तर म्हशीबी हसतील. त्यापरीस मी येतच न्हाय."

त्या गेल्यावर मेहजबीननं मला पडद्यावर उघडलं. मग तिनं माझी दोन्ही अवतरणचिन्हं पुसली. आता सारजा, म्हस्कू आणि देवकाते अशी तीन आमंत्रणं निघणार होती. काम एकट्या सारजाबाईंपुरतं होतं, पण हाताच्या सवयीनं तिनं फाइल अख्खी भरवली आणि डबा खायला गेली.

मी आज्ञाधारक. सगळं छापलं. शिपाई भिमानं गठ्ठे दुधाच्या टेम्पोत टाकले. "यंदा मेंबर लई वाढल्यात," एवढंच तो म्हणाला.

पुढचं मला कचेरीतल्या बोलण्यावरून कळलं, कारण मी संगणकाबाहेर जात नाही. म्हस्कूतात्या कोरा फेटा बांधून आले, खिशात स्वतःच्या नावाचं पत्र, लोकांना दिसेल असं. नुसतं 'देवकाते' लिहिलेल्या पत्रावर भावकीतला प्रत्येक देवकाते आला. मधल्या नावामुळे सभासदांच्या वडिलांनाही बोलावणं गेलं होतं. जे वारले होते, त्यांचे फोटो मुलांनी आणून खुर्च्यांवर बसवले. साहेब मेहजबीनला झापायला उठले, भरलेला मांडव बघितला आणि माइकवर "अभूतपूर्व प्रतिसाद" म्हणाले. आचाऱ्यानं भात पुन्हा टाकला.

सारजाबाई नारळ घ्यायला उठल्या तेव्हा म्हस्कूतात्यांनी त्यांची पिशवी धरली. शेजारच्या खुर्चीवरच्या फोटोला ते म्हणाले, "आमची मालकीण हाय ती."

दुसऱ्या दिवशी अवतरणचिन्हं परत आली. आता मी एका फ्लॉपीत पडून असते. तक्रार नाही, मित्रांनो, फक्त जुन्या फ्लॉपीवर चहाचा कप ठेवू नका. आणि एक अर्ज तेवढा पोहोचवा:

मा. अध्यक्ष यांस सविनय विनंती, की दर वर्षी सभेपुरती अर्जदाराची दोन्ही अवतरणचिन्हे काढण्यास मंजुरी मिळावी. वाढीव भात किरकोळ खर्चात टाकावा. मयत वडिलांच्या खुर्च्या पंख्याखाली मांडाव्यात.